हँडल थरथरतं तेव्हा

गाडी चाळीस-पन्नासच्या वेगात सरळ चाललेली असते. हेल्मेटच्या काचेवरचं पाणी पुसायला आपण एक हात काढतो, दुसरा जरा सैल होतो आणि हँडल डावं-उजवं थरथरायला लागतं. हात परत ठेवला की थांबतं. वेग थोडा वाढवला तरी थांबतं. गॅरेजवाल्याला सांगावं तर तो एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "काय नाय ओ, बरोबर आहे गाडी." मग मनात प्रश्न राहतो: गाडीत बिघाड आहे की सगळ्याच गाड्या असं करतात? आणि एखाद्या दिवशी हात ठेवूनही ते थांबलं नाही तर काय करायचं?

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे मालगुंडला नेहमी ये-जा करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. केशवसुतांचं हे जन्मगाव गणपतीपुळ्याच्या पलीकडे, अगदी लागून आहे. रत्नागिरीहून समुद्राच्या कडेने तिथे पोचायला साधारण २५ किलोमीटर पडतात. त्या अंतरात चढ येतो, सड्यावरचा सरळ रस्ता येतो, मग समुद्र समोर ठेवून उतरणारी वळणं येतात. पावसाळ्यानंतर खड्डे असतात, बारा महिने खारं वारं असतं आणि हंगामात मागे आंब्याच्या पेट्या किंवा मासळीचा क्रेट बांधलेला असतो. हँडल थरथरण्याची जवळजवळ सगळी कारणं या एका रस्त्यावर भेटतात. म्हणून हे प्रकरण आपण याच रस्त्याने जाऊ.

१. थरथरतंय ते नक्की काय?

'गाडी व्हायब्रेट होते' या एका तक्रारीत चार वेगळे प्रकार लपलेले असतात. ते आधी निवडून घेतले नाहीत तर पुढचं सगळं वाया जातं.

पहिला प्रकार इंजिनाच्या कंपनाचा. हातांना मुंग्या येतात, आरशातलं चित्र पुसट होतं, पण हँडल वळत नाही. चालत्या गाडीत, रस्ता मोकळा असताना, क्लच दाबून गॅस सोडला की हे कंपन लगेच बदलतं, कारण इंजिन मंद होतं आणि गाडीचा वेग मात्र तोच राहतो. क्लच दाबूनही थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध संपला. दोष चाकांत किंवा हँडलच्या भागात शोधायचा.

दुसरा प्रकार फक्त ब्रेक दाबल्यावर येतो. पुढची डिस्क वाकडी झाली किंवा ड्रम अंडाकृती झिजला की ब्रेकची पकड कमी-जास्त होत राहते आणि हँडलला झटके बसतात. ब्रेक सोडला की सगळं शांत होतं.

तिसरा प्रकार हा या प्रकरणाचा मुख्य विषय. बाकी गाडी जवळपास सरळ चाललेली असते आणि फक्त पुढचं चाक, फोर्क आणि हँडल मिळून झपाझप डावं-उजवं करतात. सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा. गॅरेजच्या भाषेत 'हँडल मारतंय' किंवा 'वॉबल होतंय'.

चौथा प्रकार दिसायला संथ, पण जास्त धोक्याचा. यात हँडल एकटं हलत नाही. संपूर्ण गाडी कमरेतून हलल्यासारखी नागमोडी जायला लागते, सेकंदाला दोन-तीन वेळा. मालगुंडच्या वळणांवर हा सहसा भेटत नाही, कारण तेवढा वेगच लागत नाही. निवळीला मुंबई-गोवा महामार्गाला लागून, मागे भरलेल्या बॅगा बांधून ऐंशी-नव्वदच्या पुढे गेलात तर भेटू शकतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

२. गाडी सरळ राहते कशी?

वाकडं का होतं हे समजायचं तर आधी सरळ का राहतं ते बघावं लागेल.

अंगणात गाडी डबल स्टँडवर लावा आणि बाजूने पुढच्या फोर्ककडे पाहा. फोर्क उभा नसतो, तिरका असतो. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं त्या दांड्याच्या रेषेत एक सरळ काठी धरा आणि ती जमिनीपर्यंत नेली आहे असं समजा. ती जमिनीला जिथे टेकेल, तिथे खडूने खूण करा. आता चाकाच्या आसापासून एक दोरा सरळ खाली सोडा. तो जिथे टेकतो तिथेच टायर जमिनीला टेकतो. दुसरी खूण पहिलीच्या मागे पडलेली दिसेल. नेहमीच्या मोटारसायकलींत हे अंतर साधारण सात ते अकरा सेंटिमीटर असतं. त्याला 'ट्रेल' म्हणतात.

या चार बोटांच्या अंतरावर बरंच काही अवलंबून आहे. टायर जमिनीला टेकतो ती जागा हँडलच्या रेषेच्या मागे असल्यामुळे चाक एका बाजूला वळलं की रस्ता टायरला बाजूने रेटतो आणि चाक पुन्हा मध्यावर येतं. आपण हँडल सरळ धरतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे बहुतेक वेळ रस्ताच ते सरळ करत असतो.

फिरत्या चाकाचा स्वतःचा भोवऱ्यासारखा परिणामही यात असतो, आणि पुष्कळ वर्षं सगळं श्रेय त्यालाच दिलं जायचं. ते इतकं सोपं नाही. २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मुद्दाम बनवलेली सायकल दाखवली. तिच्यात ट्रेल नव्हता आणि चाकांचा भोवरा-परिणामही उलट फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेला होता. तरी ती माणसाशिवाय ढकलली की स्वतःला सावरत पुढे जात होती. दुचाकी तोल राखते त्यामागे वजन कुठे आहे, फोर्क किती तिरका आहे, ट्रेल किती आहे अशा अनेक गोष्टी एकत्र काम करतात. आपल्या कामापुरता मात्र ट्रेल पुरेसा आहे, कारण थरथर समजायला तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

३. सरळ करणारा रेटाच डोलवतो

कोकणातल्या घराच्या पडवीतला झोपाळा आठवा. तो बाजूला ओढून सोडला की मध्यावर येतो, पण मध्यावर थांबत नाही. आलेल्या वेगाने पलीकडे जातो, तिथून पुन्हा मागे येतो. त्याला मध्यावर आणणारी ओढ आहे म्हणूनच तो झुलतो. कड्यांतलं घर्षण आणि हवा त्याची शक्ती थोडी थोडी खातात, म्हणून शेवटी थांबतो.

हँडलचंही तसंच. एखाद्या खड्ड्याने चाक किंचित डावीकडे वळलं. ट्रेलमुळे रस्त्याने ते मध्याकडे ढकललं. आलेल्या वेगात ते मध्य ओलांडून उजवीकडे गेलं, तिथून परत डावीकडे. एवढं प्रत्येक गाडीत, प्रत्येक खड्ड्यानंतर होतं. आपल्याला ते कळत नाही, कारण टायरचं रबर, बेअरिंगमधलं ग्रीस आणि आपल्या हातांचं वजन मिळून दोन-तीन हेलकाव्यांत ती शक्ती खाऊन टाकतात.

थरथर टिकून राहते ती दोन परिस्थितींत. एक, शक्ती खाणारं काहीतरी कमी पडतं: हात काढलेले असतात, टायर मऊ पडलेला असतो, बेअरिंग सैल असतं. दोन, कुणीतरी ठरावीक अंतराने नवा धक्का देत राहतं. झोपाळा मोठा झुलवायला जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. तो परत येऊन क्षणभर थांबतो तेव्हा बोटानेही ढकललं तरी पुरतं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. हात काढल्यावर होणारी हलकी थरथर अनेक चांगल्या गाड्यांतही, विशेषतः छोट्या चाकांच्या स्कूटरमध्ये, दिसते. हँडल थरथरण्याची शक्यता दुचाकीच्या रचनेतच आहे. १९७१ साली इंग्लंडमध्ये रॉबिन शार्प यांनी मोटारसायकलीच्या स्थैर्याचं गणित मांडलं तेव्हा त्यात तीन हालचाली वेगळ्या निघाल्या: संपूर्ण गाडीचं हळूहळू कलणं, संपूर्ण गाडीचं नागमोडी डोलणं आणि फक्त पुढच्या भागाची थरथर. गाडी कितीही महाग असो, या तिन्ही तिच्यात असतातच. चांगल्या गाडीत त्या लवकर विझतात, एवढाच फरक. विमानाच्या पुढच्या चाकालाही हाच आजार होतो, म्हणून अनेक लहान विमानांच्या त्या चाकाजवळ हेलकावा जिरवणारा एक छोटा दट्ट्या बसवलेला असतो.

४. चाळीसला मारतं, साठला का नाही?

ही तक्रार ऐकून पुष्कळ जण चक्रावतात. वेग वाढवला तर त्रास वाढायला हवा. इथे तर तो जातो. यात गूढ काही नाही, आकडेमोड करून दाखवता येतं.

समजा तुमच्या गाडीचं हँडल स्वतःच्या लयीत सेकंदाला सात वेळा हलतं. आता पुढच्या टायरवर एक जड जागा आहे, किंवा रिम एका ठिकाणी वाकली आहे. ती जागा प्रत्येक फेरीला एक धक्का देणार. चाक सेकंदाला सात फेऱ्या घेईल त्या वेगात धक्का नेमका लयीत बसणार.

तो वेग कोणता? अठरा इंची चाकाच्या नेहमीच्या मोटारसायकलीचा घेर साधारण १.९ मीटर भरतो. सात फेऱ्या म्हणजे सेकंदाला १३.३ मीटर, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. दहा इंची चाकाच्या स्कूटरचा घेर साधारण १.३५ मीटर; तिथे सात फेऱ्या म्हणजे सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आत, ताशी ३४ किलोमीटर. म्हणून शेजारच्या काकांची स्कूटर पस्तीसला थरथरते आणि तुमची बाईक पन्नासच्या आसपास. साठला गेलात की चाक जवळजवळ नऊ फेऱ्या घेतं, धक्का लयीच्या बाहेर पडतो आणि हँडल शांत होतं.

तुमच्या चाकाचा घेर मोजायचा असेल तर टायरवर आणि जमिनीवर खडूने समोरासमोर खूण करा, गाडी सरळ ढकला आणि टायरवरची खूण पुन्हा खाली आली की अंतर मोजा. थरथर कोणत्या वेगात येते ते स्पीडोमीटरवर दोन-तीनदा नीट पाहून लिहून ठेवा. 'कधी कधी मारतं' यापेक्षा 'पंचेचाळीस ते पन्नासमध्ये मारतं, बाकी नाही' हे वाक्य मेकॅनिकला कितीतरी जास्त सांगतं. एका ठरावीक वेगात येणारी थरथर असेल तर आधी चाकात बघावं.

आरे-वारेचा चढ संपून उतार लागला की हीच गोष्ट आणखी जाणवते. गॅस सोडलेला, गाडी सत्तरवरून चाळीसवर हळूहळू येतेय, हात सैल, नजर समुद्राकडे. चाकाच्या फेऱ्या कमी होत होत नेमक्या त्या लयीतून जातात, आणि वेग हळू कमी होत असल्यामुळे तिथे बराच वेळ रेंगाळतात. पुष्कळांना थरथर पहिल्यांदा जाणवते ती अशाच उतारावर.

५. मागे बांधलेलं ओझं

साध्या शंभर सीसीच्या गाडीची दोन चाकांमधली लांबी साधारण सव्वा मीटर असते. समजा मागच्या कॅरिअरवर ४० किलोचं ओझं आहे आणि त्याचा मध्य मागच्या चाकाच्या आसापासून ३० सेंटिमीटर आणखी मागे पडतो. तराजूचा हिशोब लावा. ४० गुणिले ०.३० भागिले १.२५. उत्तर ९.६. म्हणजे पुढच्या चाकावरून जवळजवळ दहा किलो वजन उचललं गेलं आणि मागच्या चाकावर पन्नास किलो वाढलं.

पुढच्या चाकावर माणसासकट सत्तरेक किलो असतील तर त्यातले दहा जाणं फार आहे. रस्त्यावरची पकड तेवढी हलकी होते. शिवाय मागचे शॉकअप दबतात, गाडीचं तोंड वर होतं आणि फोर्क आणखी तिरका होतो. ज्या मापांवर कंपनीने गाडी स्थिर ठेवलेली असते ती मापंच बदलतात.

ओझं न्यायचंच नाही असं कोकणात म्हणता येत नाही. बागेतून पेटी रस्त्यापर्यंत आणायला आणि बंदरावरून क्रेट गावात न्यायला दुचाकीच लागते. पण तेच ४० किलो सीटवर, आसाच्या पुढे, मांडीला लागून बांधले तर वरचा हिशोब उलटतो आणि पुढचं चाक हलकं होत नाही. ओझं खाली ठेवावं, दोन्ही बाजूंना सारखं ठेवावं आणि हलणार नाही असं आवळावं. सैल बांधलेली पेटी स्वतःच्या लयीत डोलते आणि गाडीला धक्के देते. हँडलला लटकवलेली पिशवी त्याहून वाईट, कारण ती थेट थरथरणाऱ्या भागाचंच वजन वाढवते. दोन्ही मुठींना नारळाच्या पिशव्या अडकवून चालवणारे रोज दिसतात. ही सवय खरोखर सोडावी अशी आहे.

ओझ्याबरोबर मागच्या टायरची हवाही वाढवावी लागते. एकट्यासाठी किती आणि दोघांसाठी किती, हे बहुतेक गाड्यांवर चेनगार्डजवळच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात छापलेलं असतं. ते आकडे बघून हवा भरणारा माणूस विरळा.

६. खारं वारं आणि कोनसेट

आता गाडीच्या मानेत शिरू. हँडलचा दांडा चेसिसच्या नळीतून खाली जातो आणि वर एक, खाली एक अशा दोन बेअरिंगांवर फिरतो. आपल्याकडे त्याला कोनसेट किंवा बॉलरेस म्हणतात. वाटीसारख्या दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या पोलादी गोळ्या.

किनाऱ्याजवळच्या गाडीचा जुना कोनसेट उघडताना एकदा शेजारी उभं राहून बघा. वरची कडी बऱ्याचदा ठीक निघते. खालची काढली की पिवळट ग्रीसऐवजी तांबूस चिखल दिसतो. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी सगळं तिथेच लागतं, पावसाळ्यात त्यात जांभ्याची माती येते आणि गाडी धुताना जोराचा फवारा मानेवर मारला की उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं. मिठाची हवा गंजाला घाई करते. चिखल फडक्याने पुसून कडी उजेडात फिरवा. आत गोलाकार चकचकीत वाट दिसायला हवी, त्या जागी सारख्या अंतरावर बारीक खळगे पडलेले दिसतात. नख फिरवलं की प्रत्येक खळगा लागतो.

खळगे का पडतात? गाडी बहुतेक वेळ सरळ जाते. म्हणजे प्रत्येक गोळी बहुतेक वेळ कडीच्या एकाच जागेवर बसलेली असते, आणि प्रत्येक खड्ड्याचा ठोका त्याच जागेवर पडतो. हातोडीने एकाच ठिकाणी हजारो वेळा मारल्यावर पोलादही दबणार. त्यानंतर गोळी त्या खळग्यात बसते. हँडल मधोमध किंचित अडकतं, तिथून सुटलं की सैल फिरतं. बारीक दुरुस्त्या गाडीला करता येत नाहीत. तिला एक तर अडकून राहावं लागतं किंवा पलीकडे जावं लागतं. थरथरीला याहून चांगलं आमंत्रण नाही.

तपासणी दोन माणसांची आणि पाच मिनिटांची आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या. एकाने मागे दाबून पुढचं चाक उचलून धरावं. दुसऱ्याने समोर बसून फोर्कचे दोन्ही पाय खाली, आसाजवळ, धरावेत आणि पुढे-मागे हलवावेत. हाताला 'टक्' लागलं तर कोनसेट सैल आहे. मग हँडल एका बोटाने अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावं. मधोमध क्षणभर थबकलं तर खळगे पडले आहेत.

सैल असेल तर आवळून भागतं. खळगे पडले असतील तर भागत नाही, आणि इथे एक चुकीचा उपाय फार चालतो. वरचा नट इतका आवळतात की हँडल जड होतं. थरथर खरंच थांबते, गिऱ्हाईक खूश होतं. पण आता रस्ता चाकाला मध्यावर ढकलतो तेव्हा हँडल फिरायला तयार नसतं. गाडी कमी वेगात इकडे-तिकडे भरकटते आणि वळणावर अडखळते. आरे-वारेच्या वळणांवर अशी गाडी थरथरणाऱ्या गाडीइतकीच वाईट. खळगे पडलेला कोनसेट बदलायचाच. काही गाड्यांना गोळ्यांऐवजी टेपर रोलरचं बेअरिंग बसतं. त्यात भार एका टिंबावर न येता रोलरच्या लांबीवर पसरतो, त्यामुळे ते खड्ड्यांत जास्त टिकतं.

७. टायर, रिम, चेन

हे भाग झटपट तपासता येतात, म्हणून मी कोनसेट उघडण्याआधी इथून सुरुवात करायला सांगेन.

हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत लवचीक होते आणि हेलकावा जिरवण्याऐवजी वाढवते. पुढचा टायर कडेने सपाट किंवा मधूनमधून उंच-सखल झिजला असेल तर हात फिरवूनच कळतं. पंक्चर काढल्यावर थरथर सुरू झाली असेल तर टायर रिममध्ये सगळीकडे सारखा बसला आहे का ते पाहा. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी.

चाक उचलून फिरवा आणि फोर्कजवळ एक पेन्सिल रिमला जवळजवळ टेकेल अशी धरा. फट कमी-जास्त झाली तर रिम आऊट आहे. तारांचं चाक असेल तर पान्याने एकेक तार हलकेच वाजवा. सैल तार बद्द वाजते. मिश्रधातूचं चाक खड्ड्यात आपटून वाकलं असेल तर ते खात्रीचं काम करणाऱ्याकडेच न्यावं. व्हील बेअरिंग तपासायला चाक वर-खाली धरून आडवं हलवायचं.

चेनकडे कुणाचं लक्ष जात नाही. पावसाळ्यात ती वारंवार ताणली जाते आणि ताणताना डाव्या-उजव्या बाजूचे बोल्ट सारखे फिरले नाहीत तर मागचं चाक तिरकं बसतं. मग गाडी सरळ नेण्यासाठी हँडल सतत किंचित वाकडं धरावं लागतं. चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, दोन्ही बाजूंना खुणा कोरलेल्या असतात. चेन ताणून झाल्यावर त्या सारख्या आहेत का ते आपणच वाकून बघावं. चिमट्याचे बुश झिजले असतील तर मागचं चाक डावं-उजवं खेळतं, आणि नागमोडी डोलण्याचं ते मोठं कारण आहे.

८. चालत्या गाडीत हँडल मारायला लागलं तर

आधी सौम्य प्रकार. दोन्ही तळवे मुठींवर ठेवा, कोपरं सैल, गॅस हळू कमी. थांबेल. बाजूला घेऊन चाकाची हवा आणि ओझं बघा आणि कमी वेगात घरी जा. पुन्हा हात सोडून 'बघूया अजून होतं का' असं करू नये. वाटेत एखादा खड्डा भेटला तर तीच सौम्य थरथर हाताबाहेर जाऊ शकते.

आता वाईट प्रकार. हँडल जोरात आपटायला लागलंय, हात ठेवूनही थांबत नाही. माणसाच्या मनात त्या क्षणी दोन गोष्टी येतात: हँडल घट्ट धरून रोखायचं आणि ब्रेक दाबायचा. दोन्ही घात करतात. का, ते समजून घेतलं तर त्या वेळी आठवण्याची शक्यता वाढते.

सेकंदाला सात वेळा थरथरणारं हँडल डावीकडून उजवीकडे सुमारे ०.०७ सेकंदात जातं. माणसाने बघून, ठरवून, हात हलवायला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ तरी लागतो. आपण 'डावीकडे गेलं, उजवीकडे ढकलू' असं करेपर्यंत हँडल उजवीकडे पोचलेलं असतं आणि आपला जोर त्याच दिशेने पडतो. झोपाळ्याला आपणच हात लावतो. ताठ आवळलेले हात तर आपल्या अंगाचं हलणंही हँडलपर्यंत पोचवतात.

पुढचा ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, फोर्क दबतो, टायरवरचा रेटा वाढतो. थरथर त्याच टायरच्या रेट्यावर पोसली जात असते, म्हणून ती वाढते, आणि त्यात चाक घसरलं तर सावरायला काही उरत नाही.

म्हणून करायचं ते असं. मुठी धरून ठेवा, पण पक्षी हातात धरावा तेवढ्याच दाबाने. कोपरं वाकलेली राहू द्या. गुडघे टाकीला घट्ट लावा. यामुळे तुमचं वजन गाडीच्या सांगाड्याशी जोडलं जातं आणि हँडलवरून उतरतं. अंग किंचित पुढे झुकवा, म्हणजे पुढच्या चाकाला थोडं वजन मिळेल. गॅस झटक्याने सोडू नका, हळूहळू मिटा. नजर लांब रस्त्यावर ठेवा. वेग कमी झाला, थरथर उतरायला लागली की मगच मागचा ब्रेक हलका. मागे बसलेल्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं: अशा वेळी चिकटून, स्थिर बसायचं, खांदे धरून मागे ओढायचं नाही.

'गॅस दे, पुढचं चाक हलकं होऊन थांबेल' असाही सल्ला दिला जातो. शर्यतीच्या मोकळ्या मार्गावर, ताकदवान गाडीवर, सराव असलेल्या माणसाने ते केलं तर कधी उपयोग होतो. मालगुंडच्या याच वाटेवर, नेवरे-भंडारपुळ्यापाशी, पुढे वळण आणि समोरून एसटी येत असताना, वेग वाढवणं हा उपाय मला मान्य नाही. हँडल मारण्यामागची सगळी शक्ती गाडीच्या वेगातून येते. तो शांतपणे कमी करणं एवढं एकच काम आपल्या हातात आहे.

महामार्गावर संपूर्ण गाडी नागमोडी डोलायला लागली तरी हेच करायचं, फक्त अंग आणखी खाली झुकवून. तो प्रकार वेगाबरोबर सरळ वाढतो, त्यामुळे वीस-पंचवीसने वेग उतरला की बहुतेक वेळा गाडी सावरते. नंतर थांबून मागच्या बॅगा, मागच्या टायरची हवा आणि चिमटा पाहा. मोठ्या ताकदीच्या काही गाड्यांना, उदाहरणार्थ कावासाकीच्या झेडएक्स-१०आरला, कंपनीच हँडलचा दट्ट्या लावून देते. पण साध्या गाडीला तो बाहेरून बसवून झिजलेला कोनसेट चालवत राहणं चूक आहे. दुखणं तसंच राहतं, फक्त कळत नाही.

९. गॅरेजमध्ये काय सांगायचं

"हँडल मारतंय" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या वेगात मारतं, हात सोडल्यावर की धरूनही, ब्रेक लावताना की नुसतं चालताना, एकटे असताना की मागे ओझं असताना, आणि हे सुरू होण्याआधी गाडीला काय झालं होतं: पंक्चर, चेन ताणणं, नवा टायर, मोठा खड्डा. या उत्तरांवरून चांगला मेकॅनिक अर्धं निदान गाडीला हात लावायच्या आधीच करतो.

तपासणीचा क्रमही सांगा. आधी दोन्ही टायरची हवा आणि झीज, मग रिम आणि व्हील बेअरिंग, मग चेनच्या खुणा आणि चिमट्याचा खेळ, मग कोनसेट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चक्कर मारायची. चारही एकदम केल्या तर थरथर जाईल, पण कशामुळे होती ते कळणार नाही आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. किनाऱ्याजवळच्या गाडीचा कोनसेट दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपला की, उघडून नवं ग्रीस भरून घ्यावा.

नवा कोनसेट बसवला तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर गाडी परत न्या. नव्या कड्या आणि गोळ्या आपापल्या जागी बसतात आणि नट थोडा सैल होतो. चाक उचलून पुन्हा तीच 'टक्'ची तपासणी करायची आणि लागलं तर नट अगदी थोडा, हँडल स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना सहज पडेल इतपतच, आवळायचा.